दुमडलेला रोल बार : तळ्याकाठच्या एका अपघाताचा अभ्यास

गवत कापायचं यंत्र उलटलं तेव्हा रोल बार, म्हणजे यंत्र उलटलं तर चालकाला वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान, यंत्रावरच होता. तो वाकलेला नव्हता, बोल्ट सैल नव्हते, कारखान्यातून बसवून आलेला मूळचाच होता. फक्त मागे दुमडलेला होता. अपघाताच्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी लिहिलं गेलं, ‘चालकाने रोल बार उभा केला नाही.’ वाक्य खोटं नाही. पण त्यावरच फाईल मिटली असती, तर काही दिवसांनी दुसरा कुणीतरी त्याच काठावरून खाली गेला असता. तपास माझ्याकडे होता आणि हे मला तिसऱ्या दिवशी स्पष्ट दिसायला लागलं.

माणसांची किंवा जागेची ओळख पटेल असं इथे काही ठेवलेलं नाही. चालकाला विचारूनच लिहितो आहे. त्याचं म्हणणं एवढंच होतं, “माझं नाव नको. बाकी काय झालं ते सगळं लिहा.”

जागा, यंत्र आणि रोजचा क्रम

एका मोठ्या आवाराची हिरवळ राखण्याचं कंत्राट होतं. चार जणांची टोळी आणि एक मुकादम. आवाराचे तीन भाग. समोर सपाट हिरवळ, बाजूला अकरा झाडांची रांग आणि मागे पावसाचं पाणी साठवणारं तळं. तळ्याभोवती मातीचा उतरता काठ, त्यावर थेट पाण्यापर्यंत गवत.

गवत कापायचं ते बसून चालवायच्या झिरो-टर्न मोवरने. वजन साडेपाचशे किलोच्या आसपास, रोल बार उभा असताना उंची सुमारे 1.8 मीटर. चालकाचं वय 41, अशी यंत्रं चालवण्याचा अनुभव नऊ वर्षांचा, त्यातली तीन वर्षं याच यंत्रावर. तो उतावळा नव्हता, नवखाही नव्हता.

झिरो-टर्नचा एक गुण समजून घेतल्याशिवाय हा अपघात कळणार नाही. साध्या ट्रॅक्टरला किंवा स्टिअरिंगच्या मोवरला पुढची चाकं वळवतात. मागचं चाक घसरलं तरी पुढच्या चाकांनी थोडीफार दिशा धरता येते. झिरो-टर्नला पुढे नुसती गरगर फिरणारी मोकळी चाकं असतात. वळणं, थांबणं, मागे येणं, सगळं मागच्या दोन चाकांवर, दोन दांड्यांनी. म्हणजे मागच्या चाकाची जमिनीवरची पकड सुटली की दिशा आणि ब्रेक दोन्ही एकाच क्षणी जातात. सपाटीवर जे यंत्र इतकं आज्ञाधारक वाटतं, ते ओल्या उतारावर एका घसरणीत नुसतं वजन होऊन बसतं. म्हणूनच अशा यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये 15 अंशांपेक्षा जास्त उतारावर जाऊ नका, ओल्या गवतात उतारावर जाऊ नका आणि पाण्यापासून किंवा कड्यापासून यंत्राच्या दोन रुंदींइतकं अंतर ठेवा, असं लिहिलेलं सापडतं. 15 अंश म्हणजे एक मीटर आडवं गेल्यावर साधारण 27 सेंटिमीटर खाली. डोळ्यांना हा उतार मुळीच भीतीदायक दिसत नाही.

रोजचा क्रम ठरलेला होता. आधी समोरची सपाट हिरवळ, मग ऊन चढून दव वाळलं की तळ्याचा काठ आणि शेवटी झाडांची रांग. झाडांच्या फांद्या खाली आलेल्या होत्या, काही तर माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. उभा रोल बार त्यांना अडकायचा. म्हणून तिथे तो दुमडायचा. काम संपलं की यंत्र ट्रेलरवर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या वेळी बार पुन्हा उभा व्हायचा.

हा क्रम कुणी सुरक्षेसाठी आखलेला नव्हता, सवयीने पडलेला होता. पण तोच दोन कामं गुपचूप करत होता. काठावर जाताना बार उभा असायचा आणि गवत कोरडं असायचं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

त्या सकाळी

समोरच्या हिरवळीवर तुषार सिंचनाची पाइपलाइन खणून ठेवलेली होती. दुरुस्तीवाले दुपारपर्यंत हलणार नव्हते. मुकादमाने क्रम फिरवला. आधी झाडं, मग काठ, समोरचा भाग दुपारनंतर. निर्णय साधा होता, त्याच्या जागी मीही तोच घेतला असता.

सकाळी 6.40 ला तपासणीचा कागद भरला गेला. तेल, टायरची हवा, पाती, सीटचा स्विच. ‘रोल बार उभा’ या चौकटीत बरोबरची खूण आहे आणि ती खरी आहे. त्या वेळी बार उभाच होता. सव्वासातला यंत्र झाडांखाली शिरलं आणि बार दुमडला गेला. त्या खुणेचं आयुष्य पस्तीस मिनिटांचं होतं.

बार दुमडला की सीटचा पट्टा लावायचा नाही, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. वर चौकट नसताना यंत्राला बांधून घेणं म्हणजे यंत्र उलटलं तर त्याच्याबरोबर खाली जाणं. बार उभा असेल तर मात्र पट्टा हवाच, कारण पट्ट्याविना बाहेर फेकला गेलेला माणूस त्याच बारखाली सापडू शकतो. चालकाला हे नीट माहीत होतं. झाडांखाली त्याने पट्टा सोडला. जे शिकवलं होतं तेच केलं.

8.05 ला झाडं संपली. तिथून काठ शंभर पावलांवर. बार उभा करायला दोन पिना ओढायच्या, तो वर उचलायचा, पिना परत घालून क्लिपा लावायच्या. मिनिटभराचं काम. पण एका पिनेची क्लिप काही महिन्यांपूर्वी हरवली होती आणि तिच्या जागी तार पिळून बसवलेली होती. तार सोडायला आणि परत पिळायला पक्कड लागायची. सकाळी दुमडताना ती त्याच्या हाताशी होती. मग सोबत्याने ट्रिमरची, म्हणजे हातात धरून गवत कापायच्या यंत्राची, दोरी बदलायला मागून नेली आणि काम झाल्यावर गाडीतल्या पेटीत ठेवून दिली. गाडी आवाराच्या पुढच्या टोकाला. जाऊन येऊन बार उभा करायचा म्हणजे दहा-बारा मिनिटं.

मी त्याला विचारलं, “पक्कड आणायला जावं असं मनात आलं होतं का?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “खरं सांगू का? बार खाली आहे हेच डोक्यात नव्हतं. दुमडताना फांदी समोर दिसते. उभा करायची आठवण करून द्यायला समोर काहीच नसतं.”

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला हेच वाटतं. बार खाली करण्याला डोळ्यांसमोर कारण होतं. वर करण्याला आठवणीखेरीज कसलाच आधार नव्हता. पाठीमागे, नजरेआड दुमडलेली वस्तू आठवणीवर सोडली तर ती एक ना एक दिवस विसरली जाणारच.

काठावर

काठाचा उतार तपासात मी वीस ठिकाणी मोजला. मोबाइलमधलं उतारमापक एका सरळ फळीवर ठेवायचं आणि फळी गवतावर. वरच्या अंगाला 11 अंश, मधे 14, आणि पाण्यालगतच्या शेवटच्या दीड मीटरमध्ये 19. कंत्राट घेतानाच्या पाहणीत ‘उतार 12 अंश, मर्यादेत’ अशी नोंद आहे. तीही खोटी नाही. कुणीतरी वरच्या कडेला उभं राहून एकदाच मोजलं होतं. पाण्याने खालून माती खाल्ली होती, म्हणून खालचा भाग वर्षागणिक उभा होत गेला. वरून पाहताना गवताच्या सारख्या उंचीमुळे तो फरक दिसतच नाही.

काठ जेमतेम पाच मीटर रुंद. बसून चालवायच्या यंत्राने उतारावर वर-खाली जावं, आडवं जाऊ नये, असा सर्वसाधारण सल्ला असतो. इथे वर-खाली गेलं असतं तर प्रत्येक फेरीला पाण्याच्या तोंडाशी येऊन थांबावं आणि मागे फिरावं लागलं असतं. आडवं गेलं तर एक बाजू कायम पाण्याकडे कललेली. कुठून जायला हवं होतं, यावर बैठकीत बराच वाद झाला. माझ्या मते तो वादच चुकीचा होता. ज्या जागी दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत, ती जागा त्या यंत्राची नाही.

चालक आडवा, पाण्याला समांतर जात होता. चौथ्या फेरीत, 8.20 च्या सुमारास, मागचा भाग खाली ओढला जातोय असं त्याला जाणवलं. त्याने यंत्र चढाकडे वळवायला खालच्या चाकाचा दांडा पुढे रेटला. चढाकडच्या चाकावर भार उरलेला नव्हता, ते नुसतं फिरलं. खालच्या चाकावर सगळा भार, पण त्याखाली ओलं गवत आणि गवताखाली भिजलेली माती. यंत्र आडवंच घसरत गेलं, खालचं चाक खाल्लेल्या कडेत रुतलं आणि यंत्र पाण्याच्या बाजूला कलंडलं. त्याने डावा पाय बाहेर टेकवला. तोल सावरायला कुणीही टेकवतो. विचार करायच्या आधीच पाय बाहेर गेलेला असतो. साडेपाचशे किलो काही पायाने अडत नाहीत.

यंत्र कुशीवर आडवं झालं. चाकावरचा पत्रा आणि दुमडलेल्या बारचा बाक त्याच्या कंबरेवर आणि डाव्या मांडीवर. पाठ चिखलात, डोकं उताराच्या खालच्या अंगाला, पाणी चेहऱ्यापासून हातभर.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. चालक सीटवरून उठताच सीटच्या स्विचने इंजिन बंद केलं आणि पाती थांबली. दोन वर्षांपूर्वी याच यंत्राचा स्विच खडबडीत जमिनीवर उगाच इंजिन बंद पाडायचा. असा स्विच तारेने जोडून कायमचा गप्प करण्याची खोड या धंद्यात सगळीकडे आहे. त्या वेळच्या मेकॅनिकने तसं करायला नकार दिला आणि नवा स्विच बसवला. त्याला कदाचित आठवतही नसेल. पण मोवरच्या पात्याचं टोक सेकंदाला नव्वद मीटरच्या पुढच्या वेगाने फिरू शकतं आणि हा माणूस त्याच डेकला, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाला, खेटून पडलेला होता. त्याचा पाय आज शाबूत आहे तो त्या मेकॅनिकमुळे. अहवालात मी त्याचं काम नोंदवलं. अपघाताच्या अहवालात फक्त चुकाच का लिहायच्या?

एकेचाळीस मिनिटं

सगळ्यात जवळचा सोबती साठ मीटरवर ट्रिमर चालवत होता, कानांवर आवाज रोखणारी कर्णपट्टी. त्याला हाक ऐकू गेली नाही. चालकाचा फोन खिशात, खिसा यंत्राखाली. चौदा मिनिटं तो एकटा होता. सोबत्याने ट्रिमर बंद केला तेव्हा मोवरचा आवाज येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो काठाकडे धावला.

पुढची काही मिनिटं मला अजूनही अस्वस्थ करतात. मुकादमाने ओरडून ट्रॅक्टर मागवला, साखळी बांधून यंत्र वर खेचायला. हेतूबद्दल शंकाच नाही, माणूस डोळ्यांसमोर कण्हत होता. पण वरून खेचलं असतं तर यंत्र सरळ उचललं गेलं नसतं. आधी ते खालच्या कडेवर फिरलं असतं आणि सगळा भार त्याच्या कंबरेवरून सरकत गेला असता. शिवाय ओढणारा ट्रॅक्टर त्याच ओल्या उतारावर. चाकं घसरली असती तर दुसरं यंत्र पहिल्याच्या अंगावर आलं असतं. ट्रॅक्टरला अडवलं ते टोळीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाने. “दादा, खेचू नका! आधी यंत्र आहे तिथं टेकवा,” असं तो म्हणाला आणि लाकडी ओंडके आणायला लावले. किल्ली बंद आहे ना ते पाहिलं, यंत्र आणखी घसरू नये म्हणून ओंडके ठोकले, आणि ट्रिमर टाकून आलेला तो सोबती गुडघाभर पाण्यात उतरून चालकाचं डोकं धरून बसला. अग्निशमनवाल्यांनी हवेच्या उशा फुगवून यंत्र उचललं तोवर 9.01 झाले होते.

मुकादमाने एक काम फार चांगलं केलं. माणूस किती वाजल्यापासून दाबलेला आहे, ते त्याने रुग्णवाहिकेतल्या माणसांना न विचारता सांगितलं. मांडीसारखा मोठा स्नायू बराच वेळ चेपलेला राहिला की दुखावलेल्या स्नायूतलं पोटॅशियम आणि इतर घटक तिथेच अडकून राहतात. भार उचलताच ते एकदम रक्तात उतरतात आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून उपचार करणाऱ्यांना ही वेळ भार उचलण्याआधी कळायला हवी. सुटका झाली म्हणजे संकट टळलं असं नसतं.

कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, मांडीचं एका ठिकाणी. दोन शस्त्रक्रिया झाल्या. अकरा आठवड्यांनी तो उभा राहिला, नऊ महिन्यांनी कामावर आला. आता तो सिंचनाचं काम पाहतो. यंत्रावर बसायचं नाही, हे त्याचं त्यानेच ठरवलं.

बार उभा असता तर

हा प्रश्न टाळून चालणार नाही. उलटणाऱ्या यंत्रापासून माणूस वाचवणारी चौकट ही काही नवी गोष्ट नाही. स्वीडनने 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली. अमेरिकेत 25 ऑक्टोबर 1976 नंतर बनलेल्या आणि कामगार चालवत असलेल्या बहुतेक शेती-ट्रॅक्टरांना ती लागू झाली. त्याच अमेरिकी नियमात फळबागांमध्ये जिथे झाडांमुळे उंची आड येते, तिथे कमी उंचीच्या ट्रॅक्टरांना सूट ठेवलेली आहे. म्हणजे फांदी आणि चौकट यांचं भांडण पन्नास वर्षं जुनं आहे. दुमडता येणारा बार हा त्यावरचा तोडगा, आणि तो खाली राहून जाणं हा त्या तोडग्याचा दोष. तो दोष यंत्राच्या रचनेतच आहे. सगळा भार चालकाच्या आठवणीवर टाकताना हे आपण विसरतो.

बार उभा आणि पट्टा लावलेला असता तर यंत्र बहुधा बारवर टेकून थांबलं असतं आणि माणूस चौकटीच्या आत राहिला असता. ट्रॅक्टर उलटण्याच्या बाबतीत ही जोडी जवळजवळ प्रत्येक वेळी जीव वाचवते, हा अनेक देशांचा अनुभव आहे. पण पाण्याजवळ मी एवढ्यावर समाधान मानणार नाही. यंत्र खोल पाण्यात गेलं तर पट्ट्याने बांधलेला माणूस त्याच्याबरोबर बुडू शकतो. तिथे बार आणि पट्टा हे उत्तर नाही. तिथे यंत्र न नेणं हेच उत्तर आहे.

काय बदललं

पहिल्या मसुद्यात दोन शिफारशी होत्या. सर्व चालकांना पुन्हा प्रशिक्षण आणि या चालकाला ताकीदपत्र. दोन्हींना मी विरोध केला. त्याला नियम माहीत होता, पट्ट्याचा नियम तर त्याने पाळलाही होता. जे माहीत आहे ते पुन्हा शिकवून हरवलेली क्लिप परत येत नाही. ताकीदपत्र मागे घ्यायला तीन आठवडे लागले. तोवर ते त्याच्या रुग्णालयातल्या खाटेशेजारी पडून होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

फांद्यांचा प्रश्न सोडवायला मात्र फार काही लागलं नाही. छाटणी करणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्याच हाताखालची ही झाडं. लांब दांड्याची करवत गाडीत कायम असायची. अकरा झाडांच्या खालच्या फांद्या अडीच मीटरपर्यंत काढायला दोन माणसांना दीड दिवस लागला. आता त्या आवारात बार दुमडायचं कारणच राहिलेलं नाही, आणि दुमडला जाऊ नये म्हणून पिनांच्या जागी बोल्ट घातले आहेत.

काठाचं काम अवघड गेलं, कारण तिथे आवाराच्या मालकांना पटवायचं होतं. करारात ‘पाण्याच्या कडेपर्यंत एकसारखी हिरवळ’ असं लिहिलेलं होतं. अपघाताची पहिली ओळ मला तिथे दिसते. ते वाक्य लिहिणाऱ्याने उतार पाहिलेला नव्हता, पण त्या शब्दांनीच यंत्र पाण्याच्या तोंडाशी नेलं. ठेकेदाराला वाटत होतं की हा विषय काढला तर कंत्राट जाईल. शेवटी आम्ही उताराचे आकडे लिहिलेली फळी घेऊन मालकांच्या माणसाला काठावर उभं केलं आणि खालच्या 19 अंशांवर चार पावलं चालायला सांगितलं. दुसऱ्या पावलाला त्याने माझा हात धरला. करार बदलला. पाण्यापासून तीन मीटरपर्यंत आता उंच, मुळं धरून ठेवणारं गवत लावलेलं आहे. ते वर्षातून दोनदा, कोरड्या दिवशी, पायी चालत ट्रिमरने कापतात. त्याच्या वरच्या कडेला खुंट्या ठोकल्या आहेत. मोवर खुंट्यांच्या खाली जात नाही.

तपासणीच्या कागदावरची चौकट तशीच ठेवली, पण आता कामाचा क्रम बदलला की मुकादम टोळीला थांबवतो आणि काय काय बदललं ते मोठ्याने बोलून घेतो. काठावर कुणी एकटं काम करत नाही.

मग ठेकेदाराच्या इतर ठिकाणची यंत्रं पाहिली. सात यंत्रांपैकी चारांचे बार दुमडलेले होते. दोन ठिकाणी झाडं होती, तिथे छाटणी झाली. तिसऱ्याच्या पिना गंजून अडकल्या होत्या, त्या बदलल्या. चौथ्या ठिकाणी आजूबाजूला एकही झाड नव्हतं. चालकाला विचारलं तर त्याने शेडकडे बोट दाखवलं. दार बुटकं, बार उभा असला की यंत्र आत जाईना. रोज संध्याकाळी दुमडायचा आणि सकाळी तसाच बाहेर यायचा. दाराची चौकट उंच करायचं काम सध्या चालू आहे. तोवर ते यंत्र रात्री शेडबाहेर ताडपत्रीखाली उभं असतं, बार वर ठेवून.